चार कपाटं आणि एक बिनशिंगी कंट्रोलर

मित्रांनो, मी एक जुना, चपटा, करड्या रंगाचा डबा आहे. आकारानं म्हणाल तर पाव किलो चिक्कीच्या खोक्याएवढा. पावतीवर माझं नाव 'वायरलेस कंट्रोलर' असं आहे. सरूबाई मला 'डबडं' म्हणतात, आणि त्याचा मला राग नाही, कारण माझी अब्रू त्यांनीच राखली. ती कशी, तेच सांगायला बसलो आहे. यातलं एक अक्षर जरी खोटं निघालं तर माझ्या कपाळावरचा निळा दिवा इथल्या इथं विझावा.

आधी माझं काम सांगतो, म्हणजे पुढं घोटाळा नको. मी वायफाय देत नाही. वायफाय देतात त्या माझ्या हाताखालच्या चकत्या: पांढऱ्या, ताटलीएवढ्या, छताला चिकटून बसणाऱ्या. एका मजल्याला एक. मी फक्त त्यांना हुकूम सोडतो. तू हळू बोल, तू मोठ्यानं बोल, बाई जिना उतरून खाली आल्या, आता त्यांचा फोन वरचीनं सोडावा आणि खालचीनं धरावा. दारावरची घंटा, गॅसचा पहारेकरी, दिवे, गिझर, हे सगळे माझ्याच हुकमात. पण मला अँटेना नाही. एकसुद्धा नाही. या एका उणिवेपायी मी आयुष्यात फार अपमान सोसला आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते माझ्या पोटाखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं आहे, पण स्वतःचं पोट मला वाचता येत नाही. पहिली नेमणूक पवनेकाठच्या एका रिसॉर्टात झाली. तिथल्या मॅनेजरनं मला एकट्यालाच नेलं, चकत्या दुकानातच ठेवल्या. दोन दिवस तो माझ्या अंगावर मोबाईल घासत होता, जसा कुणी पाटीवर दगडी पेन्सिल घासतो. तिसऱ्या दिवशी 'वायफाय देत नाही' असा शेरा मारून त्यानं मला कामशेतला गौरवच्या दुकानात परत पाठवलं.

गौरवचं दुकान भातगिरणीच्या समोर. फळीवर बसून मी दोन पावसाळे काढले. गिरणीचा कोंडा माझ्या झरोक्यांतून आत जायचा आणि वरून पागोळीचं पाणी ठिबकायचं. दुसऱ्या आषाढात माझ्या डाव्या झरोक्यातून भाताचं रोप वर आलं. चांगलं चार बोटं. गौरवनं ते उपटून काकाच्या खाचरात लावलं आणि त्याला ओंजळभर इंद्रायणी झाला. दिव्याकडे बघा, निळाच आहे ना?

तर अशा अवस्थेत मी असताना एका मंगळवारी गंगाधरराव दुकानात आले. रेल्वेच्या सिग्नल खात्यात छत्तीस वर्षं काढून निवृत्त झालेले, ताठ कण्याचे, छत्रीचं पाणी बाहेर झटकून मगच आत येणारे गृहस्थ.

"घरातल्या चारही मजल्यांवर वायफायवरून फोन लागला पाहिजे," ते म्हणाले. "रविवारच्या आत."

"चार मजले म्हणजे मोठं काम आहे, काका. घर कुठं?"

"लोणावळ्यात, तुंगार्लीला. रस्त्यावरून पाहिलंत तर बैठं दिसेल, तळ्याकडून पाहिलंत तर चार मजली. उतारावर बांधलंय. काळ्या दगडाच्या भिंती, मागे डोंगर. मोबाईलला रेंज म्हणाल तर फक्त रस्त्यावर."

"मग इतकी वर्षं कसं चाललं?"

गंगाधररावांनी छत्री भिंतीला टेकवली. "गेल्या महिन्यात आमची मंडळी सगळ्यात खालच्या कोठीत घसरली. पाय मुरगळला. हातात फोन होता, पण लागेना. मी गच्चीवर. पाऊण तास पायरीवर बसून होती बिचारी, सरूबाई कामाला आल्या तेव्हा कळलं. आता मुलगा म्हणतो, एक तर प्रत्येक मजल्यावर फोन लागू दे, नाहीतर दोघं पुण्याला माझ्या फ्लॅटवर चला. रविवारी येतोय तपासायला."

"मग जायचं की, काका. पुण्यात पाऊस कमी."

"पुण्यात घाटातल्या इंजिनाची शिट्टी ऐकू येत नाही," गंगाधरराव म्हणाले, आणि तो विषय त्यांनी तिथं संपवला.

मग माझ्यासमोर वधूपरीक्षा सुरू झाली. पहिला उमेदवार आला तो आठ अँटेनांचा, उताणा पडलेल्या खेकड्यासारखा. "एकटा सगळं घर व्यापतो," गौरव म्हणाला. "कंपनीची हमी आहे."

"कंपनीनं माझं घर बघितलंय का?"

गौरवनं खेकडा उचलून फळीवर ठेवला. दुसरा निघाला गुळगुळीत, अंड्यासारखा. "याला तारांची कटकट नाही, काका. आणि याचं डोकं घरात नसतंच, कंपनीकडे असतं. सगळा कारभार इंटरनेटवरून."

"आणि बाहेरची लाईन गेली तर?"

"तर डोकं गेलं."

"म्हणजे सिग्नल लोणावळ्यात आणि तो पाडायचा लिव्हर परदेशात." गंगाधररावांनी अंडं बाजूला सारलं. "तो कोपऱ्यात कोण?"

मित्रांनो, तो मी होतो. मी पोट आत घेतलं.

"तो परत आलेला माल आहे. स्वतः वायफाय देत नाही. बाकीच्यांना फक्त सांगतो, कुणी काय करायचं."

गंगाधररावांच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला, जसा चार दिवसांनी उघडीप पडल्यावर तळ्यावर पडतो. "म्हणजे सेक्शन कंट्रोलर. तो स्वतः गाडी चालवत नाही, पण त्याच्यावाचून दोन गाड्या समोरासमोर येतात. याचं डोकं कुठं?"

"याच्यातच. लाईन गेली तरी घरातल्या घरात चालतो. पण प्रत्येक मजल्यापर्यंत तार ओढावी लागेल."

"ओढू. तार दिसते, हातात धरता येते, तुटली तर कुठं तुटली ते कळतं. हाच द्या. आणि त्या चार चकत्या."

त्यांनी मला हातात घेतलं आणि माझ्या झरोक्यांत फुंकर मारली. कोंडा उडाला. कुणीतरी मला वाजवी कारणासाठी पसंत केलं होतं. मला भरून आलं. माझ्यात भरायला फारशी जागा नाही, तरी आलं.

शुक्रवारी गौरवनं तारा ओढल्या. मला दिवाणखान्यातल्या काचेच्या शोकेसवर बसवलं. गंगाधररावांच्या पत्नी इरावतीबाई, त्यांनी माझ्याखाली क्रोशाचा रुमाल अंथरला, कारण घरातल्या मुख्य माणसाला बसायला काहीतरी हवं. सरूबाई कामाला आल्या, त्यांनी मला सगळीकडून न्याहाळलं.

"आबा, हे एवढंसं डबडं चार मजलं सांभाळनार व्हय?"

"सांभाळेल," गंगाधरराव म्हणाले.

"ह्याला शिंगं तर न्हाईत. आमच्या पाव्हण्याकडं हाय त्याला लय शिंगं हायत."

"सरूबाई, म्हशीला शिंगं असतात. राखणारा माणूस बिनशिंगीच असतो."

"ते बी खरं. पन दूध म्हसच देती," सरूबाई म्हणाल्या आणि झाडू लागल्या.

चकत्यांना छतावर चढवायचं होतं, पण गौरवनं ड्रिल लावलं तर स्लॅबमधून पाण्याची चिळकांडी उडाली. तुंगार्लीच्या ओलीबद्दल मी काय सांगू? तिथं आषाढात काड्यापेटीतल्या काड्यांना पालवी फुटते. मिठाच्या बरणीतून मीठ काढायचं तर पळी लागते. धुकं खिडकीतून आत येतं, सोफ्यावर बसतं, आणि त्याला चहा विचारला नाही तर रागावून आतल्या खोलीत जातं. गंगाधररावांचा एक सदरा जूनमध्ये दोरीवर घातलेला होता तो दिवाळीत वाळला, तोवर त्याचं माप बदललं होतं. गौरवनं कपाळाला हात लावला. "सोमवारी दुसरे क्लॅम्प आणतो, काका. तोवर चकत्या कपाटांवर ठेवतो. छान चालतील." चालवूनही दाखवल्या. चारी मजल्यांवर फोन खणखणला. मग तो काकाच्या शेतावर भातलावणीला निघून गेला, जिथं त्याच्या स्वतःच्या फोनला रेंज नव्हती.

आता त्या घरातली कपाटं सांगायला हवीत. माणसं दोन आणि लोखंडी कपाटं चार, मजल्याला एक. प्रत्येकाच्या पाठीला एक भोक, भोकातून आत गेलेली वायर, आणि आत चाळीस वॅटचा पिवळा दिवा, बारा महिने चोवीस तास जळणारा. कारण लोणावळ्यात कपाटात दिवा नसेल तर आठवड्यात साड्यांवर बुरशीची नक्षी उमटते. नव्या पांढऱ्या दिव्यांना ऊब नसते म्हणून इरावतीबाई जुने पिवळे दिवे मिळतील तिथून गोळा करतात. त्यांच्या ट्रंकेत एकतीस शिल्लक आहेत. या घरात जे जे जपायचं ते कपाटात जातं: साड्या, रेडिओ, पापड, पासपोर्ट, गंगाधररावांची हार्मोनियम.

शुक्रवारी संध्याकाळी धुकं आत आलं. इरावतीबाईंनी पाहिलं, तर चकत्यांच्या अंगावर दवाचे थेंब. त्यांचा जीव कळवळला. त्या लंगडत लंगडत गच्चीच्या खोलीपासून कोठीपर्यंत गेल्या आणि चारी चकत्या त्यांनी पुसून, कपाटांच्या आत, दिव्याशेजारी, साड्यांच्या घडीवर ठेवल्या. तार दिव्याच्या भोकातूनच आत घेतली. दारं घट्ट लावली. हातातलं काम नेहमीसारखं नीटनेटकं.

लोणावळ्यात वस्तू कपाटात ठेवली हे कुणी कुणाला सांगत नाही, जसं आपण श्वास घेतला हे सांगत नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

मित्रांनो, लोखंडी पेटीत कोंडलेल्या चकतीचा आवाज बाहेर पडत नाही. माझ्याकडे तारेवरून चौघींच्या तक्रारी येऊ लागल्या. "साहेब, मी ओरडतेय, पण पैठणीशिवाय कुणी ऐकत नाही." "साहेब, इथं डांबरगोळ्यांचा वास येतो." कोठीतल्या चकतीवर तर गोधड्या होत्या, ती नुसतीच घोरत होती. मी ताबडतोब गंगाधररावांच्या फोनवर निरोप धाडला. पण निरोप पोचवायला वायफाय हवं, आणि निरोपच वायफाय नसल्याचा. असे दोनशे अकरा निरोप मी पाठवले. एकही पोचला नाही.

शनिवारी गंगाधररावांनी फोन लावून पाहिला. दिवाणखान्यात नाही, गच्चीवर नाही, कुठंच नाही. त्यांनी चारही तारा हातानं चाचपत तपासल्या. प्रत्येक तार कपाटामागे गेलेली दिसत होती.

"अगं, चकत्या जागेवर आहेत ना?"

"नीट ठेवल्यात. काळजी करू नका."

संध्याकाळी ते माझ्यासमोर खुर्ची टाकून बसले. रागावले असते तर परवडलं असतं. ते एवढंच म्हणाले, "छत्तीस वर्षांत माझा एक सिग्नल खोटा पडला नव्हता." मी निळा दिवा जमेल तितका मिणमिणवला. त्यांनी माझ्याकडे पाठ केली.

रविवारी दहाच्या ठोक्याला श्रीयश आला. मुलगा चांगला आहे, फक्त ठरवलेलं बदलत नाही, वडिलांवर गेलाय. त्यानं गाडीतून दोन मोठ्या चाकांच्या बॅगा काढल्या. दोन्ही रिकाम्या. त्या दिवाणखान्यात उभ्या केल्या तेव्हा इरावतीबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं घरात न सांगता आलेल्या पाहुण्यांकडे पाहतात.

"आई, मी रस्त्यावर गाडीत बसून तुला फोन करतो. तू एकेका मजल्यावर जा. चारही ठिकाणी नीट बोलणं झालं तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

"आणि नाही झालं तर?"

"तर बॅगा भरायच्या. आई, तू पाऊण तास पायरीवर बसली होतीस. मला त्या दिवसापासून झोप नाही."

एवढं बोलून तो बाहेर जाऊन गाडीत बसला.

पहिला फोन त्यानं दिवाणखान्यातल्या आईला लावला. "हॅ... ऐक... आ..." एवढं आलं आणि तुटलं. पुन्हा लावला, पुन्हा तेच. गंगाधरराव खिडकीशी गेले आणि बाहेर बघत म्हणाले, "भरा बॅगा."

इरावतीबाई खुर्चीत बसल्या. हातातला मुका फोन चालूच होता, तो त्यांनी खाली ठेवला नाही. "सरूबाई, तेवढ्या माझ्या चार साड्या काढा."

सरूबाईंनी नाक ओढलं, पदर खोचला आणि दिवाणखान्यातलं कपाट उघडलं.

"हॅलो, आई? आता येतंय का ऐकू? आई, मी म्हणत होतो की बाबांची औषधंही..." फोनमधून श्रीयशचा आवाज असा खणखणीत आला की इरावतीबाई दचकल्या.

सरूबाईंनी दचकून दार लावलं. आवाज बंद. त्यांनी दार उघडलं. "...आई?" लावलं. बंद. उघडलं. "आई, काय चाललंय तिथं?"

"मावशी, दादा कपाटात हायत का गाडीत?"

"काय बोलताय, सरूबाई?"

"बगा की. दार उघाडलं की बोलत्यात, मिटलं की मुकं. आमच्या कोंबडीचं खुराडं असंच हाय." सरूबाईंनी आत हात घातला आणि पैठणीवरून चकती उचलली. दोन दिवस दिव्याशेजारी बसून ती भाकरीसारखी गरम झाली होती. "हे ताट हितं कुनी ठेवलं?"

"मी," इरावतीबाई म्हणाल्या. "दव पडत होतं तिच्यावर."

गंगाधरराव वळले. त्यांनी चकतीकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. "चारी?"

"चारी."

"अगं, सिग्नल पेटीत ठेवून वर कुलूप लावलंस."

"कुलूप नाही लावलं हो. फक्त दार."

गंगाधरराव हसायला लागले ते खुर्ची धरूनच थांबले. मग ते बासष्ट पायऱ्या पंचविशीतल्या माणसासारखे उतरले आणि चढले, आणि चारी चकत्या कपाटांच्या माथ्यावर आल्या. माझ्या कानात एकाच वेळी चौघी बोलू लागल्या. मी हुकूम सोडायला सुरुवात केली. काय सांगू मित्रांनो, दोन पावसाळ्यांचा कोंडा त्या दिवशी निघाला.

गच्ची पास झाली. दिवाणखाना पास झाला. स्वयंपाकघर पास झालं, तिथं तर इरावतीबाई फोनवर बोलता बोलता जिना उतरल्या आणि मी त्यांना एका चकतीकडून दुसरीकडे असं दिलं, जसं तान्हं बाळ या हातातून त्या हातात देतात. राहिली कोठी. त्या त्याच पायरीवर बसल्या.

"आई, आता ऐकू येतंय?"

"येतंय रे. अगदी स्वच्छ ये..."

आणि आवाज गेला.

यावेळी कपाटाचा दोष नव्हता. रस्त्यावरच्या खांबापासून घरापर्यंत येणाऱ्या इंटरनेटच्या केबलवर एक वानर झोका घेत होतं. साधं वानर नव्हे, घाटातल्या मालगाडीला मागून ढकलू शकेल असलं. केबल तुटली आणि ते केबलसकट शेजारच्या फणसावर गेलं. घराचा बाहेरच्या जगाशी संबंध संपला.

श्रीयश गाडीतून उतरून दारात आला. चेहरा पडलेला. "बाबा, मला वाईट वाटतं. पण तीनच झाले. आणि जिथं आई पडली तिथंच फोन लागला नाही."

"थांब," गंगाधरराव म्हणाले, आणि जिन्यातून खाली ओरडले, "अगं, गळ्यातलं बटन दाब."

गौरवनं शुक्रवारी इरावतीबाईंच्या गळ्यात एक छोटं बटन अडकवलं होतं. तळाच्या पायरीवरून त्यांनी ते दाबलं. कोठीतल्या चकतीनं ते ऐकलं, तारेवरून मला सांगितलं. मला परदेशात कुणाला विचारायचं नव्हतं, माझं डोकं माझ्यापाशीच होतं. मी एका दमात घरातले सगळे दिवे लावले, दारावरची घंटा वाजवली, आणि गच्चीवर गंगाधररावांनी हौसेनं बसवलेला जुना भोंगा असा फुंकला की शेजारच्या फणसावरच्या वानरानं केबल खाली टाकली. स्वयंपाकघरातून सरूबाई हातातल्या लाटण्यासकट धावत सुटल्या. "आले, मावशी, आले, हलू नगा."

श्रीयशही धावला. तो कोठीत पोचला तेव्हा सरूबाई आधीच आईचा पाय मांडीवर घेऊन चाचपत होत्या आणि इरावतीबाई त्यांना सांगत होत्या की पाय ठीक आहे, लाटणं बाजूला ठेवा.

"किती वेळ लागला?" गंगाधररावांनी वरून विचारलं. ते घड्याळ धरून उभे होते, उत्तरही त्यांनीच दिलं. "बावीस सेकंद."

श्रीयश पायरीवर आईशेजारी बसला.

"अरे," इरावतीबाई म्हणाल्या, "तुझ्या फ्लॅटवर मी पडले, तर तुला कळून कामावरून घरी यायला दोन तास. इथं वरच्या मजल्यावर कळलं तर बावीस सेकंद. मला सांग, मी कुठं राहू?"

त्यानं आईचा पाय एकदा स्वतः चाचपून पाहिला. मग म्हणाला, "सरूमावशी, तुम्ही नसताना कोण धावणार?"

"आबा हायत की. आन् आमी बी हितंच वरच्या खोलीत ऱ्हायला येतो पावसाळाभर, मावशींनी कवाचं सांगितलंय. तुमीच न्हाई इचारलं."

बॅगा संध्याकाळी गाडीत परत गेल्या, पण रिकाम्या नाही. एकीत इंद्रायणी तांदूळ, दुसरीत लिंबाचं लोणचं, पापड आणि जुन्या पिवळ्या दिव्यांपैकी दोन. "पुण्यात ओल नसते, आई," श्रीयश म्हणाला. "असू दे," इरावतीबाई म्हणाल्या, "कपाटाला ऊब बरी असते."

सोमवारी गौरव आला, वानरानं टाकलेली केबल जोडली आणि चकत्या छतावर चढल्या. मग प्रश्न आला माझा. शोकेसवर, क्रोशाच्या रुमालावर, मी मोठ्या ऐटीत बसलो होतो. सरूबाईंनी माझ्या अंगावरचं दव बोटानं पुसलं. "आबा, ह्याला तारच लागती न्हवं? वाऱ्याचं काय काम न्हाई ह्याला?"

"नाही."

"मग ह्यालाच घाला की कपाटात."

तेव्हापासून मी इथं आहे, दिवाणखान्यातल्या लोखंडी कपाटात, पैठणीशेजारी, चाळीस वॅटच्या उबेत. पाहुणे येतात, छताकडे बघून चकत्यांचं कौतुक करतात. मला कुणी बघत नाही. सुरुवातीला वाईट वाटलं. आता गंगाधरराव गच्चीवर इंजिनाची शिट्टी ऐकत उभे असतात, इरावतीबाई खाली कोठीत तांदूळ निवडत असतात, आणि दोघांच्या मधे मी असतो, हे मला पुरतं.

मित्रांनो, एवढीच विनंती. घरासाठी माझ्यासारखा कुणी निवडायला जाल तेव्हा त्याची शिंगं मोजू नका. बाहेरचा धागा तुटल्यावर तो घरात काय करतो ते विचारा. महिन्यातून एकदा फडक्यानं माझे झरोके पुसा. आणि कपाटातला पिवळा दिवा जपा, कारण परवा तो अर्धा तास गेला तेवढ्यात माझ्या उजव्या झरोक्यात पुन्हा भात उगवायला लागला होता.

माझा निळा दिवा आत्ता लुकलुकला असं तुम्हाला वाटलं का? छे, कुणीतरी कपाटाचं दार लावलं असेल.